डोळ्यातलं पोटॅशियम वेगळं अन् सोडियम वेगळं, किती वेळा सांगू!

'डोळ्यातल्या पाण्यावरून मरणाची वेळ कळते' हे वाक्य जो तो सांगायलाय. एकतर ते पाणी म्हणजे आसवं नाहीत, भिंगाच्या मागं साधारण ४ मिलि पारदर्शक जेल असतं ते, व्हिट्रिअस. रक्त लवकर नासतं, हे जरा तग धरतं, म्हणून पीएमला (शवविच्छेदनाला) हेच घेतात. सुई डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून, अन् सिरिंज हळूच ओढायची, हिसका दिला की रेटिनाचे, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचे, कण येतात अन् पोटॅशियम उगाच वाढलेलं दिसतं.

खरा घोळ पुढंय. नमुना एकच, रिपोर्टचा कागद एकच, पण पोटॅशियम सांगतं माणूस जाऊन किती वेळ झाला अन् सोडियम-युरिया सांगतात जायच्या आधी अंगात काय चाललं होतं. जिवंत पेशी पोटॅशियम आत कोंडून ठेवतात, माणूस गेला की पेशींचा हा पंप बंद, मग ते झिरपत झिरपत व्हिट्रिअसमध्ये उतरतं, तास वाढतील तसा आकडा चढतो. सोडियम-युरिया सुरुवातीला फारसे हलत नाहीत. मे महिन्यात बांधावर सापडलेल्या माणसाचं सोडियम लिटरला १५५ मिलिमोलच्या वर अन् युरियापण चढलेला असला, तर अंगातलं पाणी आटलं होतं एवढंच म्हणा, त्यावरून तास काय काढायलात?

अन् पोटॅशियमचे तास तरी कुठं नेमके! लिटरला १० मिलिमोल धरा. स्टर्नरच्या सूत्रानं (७.१४ गुणिले पोटॅशियम, वजा ३९.१) ३२ तास येतात, माडेआच्या सूत्रानं (५.२६ गुणिले, वजा ३०.९) जेमतेम २२. आपल्याकडच्या उन्हात मढं पडलेलं असलं तर आकडा अजून भराभर चढतो. अन् लोकांना पाहिजे 'सकाळी ९ वाजून ४० मिनिटं'. टीव्हीवरच्या सिरियली कमी बघा राव.

साखरेचं थोडक्यात, मेल्यावर ती उतरतच जाते, म्हणून १०० मिलिला २०० मिलिग्रॅमच्या वर सापडली तर डायबेटिसचा संशय पक्का, पण कमी सापडली म्हणून 'शुगर लो होऊन गेला' असं लिहिणाऱ्याला मी तरी पास करणार नाही.

सोडियम कमी आलं तर मात्र आधी पोटॅशियम बघायचं. १५ च्या खाली असलं तर जिवंतपणीच मीठ घटलं होतं का, दारू, लिव्हर वगैरे, हा विचार करता येतो. त्याच्या बरंच वर गेलेलं असलं तर ते सडण्याचं काम आहे, सोडियमवर एक ओळपण लिहू नका.