हिपॅटायटिस सीच्या गोळ्या, परीक्षा आणि डोकेदुखी

हिपॅटायटिस सी हा यकृताचा विषाणूजन्य आजार. त्याचा उपचार म्हटलं की घरातल्या मोठ्यांना अजून इंटरफेरॉनची इंजेक्शनंच आठवतात. ती धास्ती उगाच नव्हती. आठवड्याला एक इंजेक्शन, सोबत रोज रायबाविरिन हे विषाणूविरोधी औषध, आणि विषाणूच्या प्रकारानुसार २४ किंवा ४८ आठवडे हेच चालू. इंजेक्शननंतर काही तासांत हुडहुडी भरून ताप यायचा, पुढे केस गळायचे, चिडचिड व्हायची, काहींना तीव्र नैराश्य यायचं. इंटरफेरॉन शरीर एरवी स्वतःच तयार करतं. फ्लूमध्ये अंग मोडून येतं त्यात त्याचा मोठा वाटा असतो. तेच बाहेरून टोचलं की फ्लू नसताना फ्लूचा त्रास. अशा अवस्थेत वर्षभर अभ्यास करणं कठीणच होतं.

आताच्या उपचारात इंजेक्शन नाही. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमातून सरकारी उपचार केंद्रांवर औषधं मोफत मिळतात. यकृत घट्ट झालं नसेल, म्हणजे सिरोसिस नसेल, तर सोफोसबुविर ४०० मिग्रॅ आणि डॅक्लाटास्विर ६० मिग्रॅ. सिरोसिस असेल तर सोफोसबुविरसोबत वेल्पाटास्विर १०० मिग्रॅ. दिवसातून एकदा, सहसा ८४ दिवस.

आणि त्रास? डोकेदुखी, थकवा, मळमळ अशी यादी औषधाच्या पत्रकावर असते. पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅस्ट्रल-१ या चाचणीतले आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. सोफोसबुविर-वेल्पाटास्विर घेणाऱ्यांपैकी २९ टक्क्यांचं डोकं दुखलं. औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांपैकी २८ टक्क्यांचं. थकवा दोन्हीकडे २० टक्के. डोकं खरंच दुखत होतं, पण त्याचं खापर गोळीवर फोडता येत नाही. हिपॅटायटिस सीमध्ये थकवा मुळातच असतो. त्यात जागरण, काळजी आणि कमी पाणी. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत एका वहीत गोळीची वेळ, झोपेचे तास आणि त्रास कधी झाला ते लिहून ठेवावं. बऱ्याचदा डोकेदुखी गोळीच्या वेळेशी जुळत नाही, आदल्या रात्रीच्या झोपेशी जुळते.

मळमळत असेल तर गोळी मेसच्या जेवणानंतर घ्यावी. सकाळी घाईत नाश्ता चुकत असेल तर रात्रीच्या जेवणाची वेळ बरी. तास कोणताही चालतो, फक्त रोज तोच हवा. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल चालतं, पण सिरोसिस असेल तर दिवसभरात २ ग्रॅमच्या, म्हणजे ५०० मिग्रॅच्या चार गोळ्यांच्या वर जाऊ नये. सर्दीच्या गोळीतही बहुधा पॅरासिटामॉल असतं, तेही हिशोबात धरा. सिरोसिसमध्ये आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक नकोच; मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

खरा घोळ होतो तो पित्ताच्या गोळीने. परीक्षेच्या दिवसांत चहा आणि वडापाववर राहणारी मुलं सकाळी उठल्याबरोबर पँटोप्राझोल घेतात, आणि ते औषध आहे हेच डॉक्टरांना सांगायला विसरतात. वेल्पाटास्विर नीट विरघळायला पोटात आम्ल लागतं. आम्लच दाबलं तर औषध कमी शोषलं जातं आणि विषाणू तग धरू शकतो. जळजळीवरचं गुलाबी पातळ औषध किंवा चघळायची गोळी घ्यायची तर ती आणि वेल्पाटास्विर यांत ४ तासांचं अंतर ठेवा. पँटोप्राझोल, ओमेप्राझोलसारखी गोळी शक्यतो बंद. अगदीच टाळता येत नसेल तर वेल्पाटास्विर आधी, जेवणासोबत, आणि २० मिग्रॅ ओमेप्राझोल ४ तासांनी, तेही डॉक्टरांना विचारून. डॅक्लाटास्विरला हे बंधन नाही.

दुसरी गडबड डोस चुकण्याची. सोफोसबुविर-वेल्पाटास्विरची गोळी विसरली आणि १८ तासांच्या आत आठवलं तर लगेच घ्यावी, पुढची नेहमीच्या वेळी. त्याहून उशीर झाला तर ती सोडून द्यावी. दोन एकदम घेऊ नयेत. गोळीनंतर ३ तासांच्या आत उलटी झाली तर आणखी एक घ्यावी. म्हणजे डबीतली एक गोळी कमी पडते, ते केंद्राला वेळीच कळवा. परीक्षेला परगावी जाताना डबी हातातल्या पिशवीत हवी.

यकृत फारच बिघडलेलं असेल किंवा आधीचा उपचार फसला असेल तर आजही रायबाविरिन जोडतात. याचा त्रास मात्र खरा. ते तांबड्या पेशी फोडतं, त्यामुळे पहिल्या महिन्यातच हिमोग्लोबिन उतरतं. जिना चढताना धाप लागते, वाचलेलं डोक्यात राहत नाही. इथे घरचे लोहाच्या गोळ्या आणतात. पण लोहाची कमतरता झालेलीच नसते, आणि जादा लोह यकृतालाच जड. रक्ततपासणी दुसऱ्या व चौथ्या आठवड्यात करून घ्यावी. हिमोग्लोबिन १० च्या खाली गेलं तर डॉक्टर डोस कमी करतात. झोप उडते म्हणून दिवसातला दुसरा डोस रात्री न घेता संध्याकाळी जेवणासोबत घ्यावा, दुपारनंतर कॉफी टाळावी. गर्भाला हे औषध घातक आहे. घेणारा मुलगा असो वा मुलगी, उपचार संपल्यावरही काही महिने गर्भधारणा टाळावी लागते.

‘यकृतासाठी चांगला’ म्हणून येणारा काढा बाजूला ठेवा. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे. डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, पोट फुगणं, काळी शी किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर पेपर असला तरी आधी दवाखाना. हिपॅटायटिस बी सोबत असेल तर तो या काळात उसळू शकतो, म्हणून त्याची तपासणी गोळ्या सुरू होण्याआधीच व्हायला हवी.

गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए चाचणी, म्हणजे रक्तात विषाणू उरलाय का ते पाहणारी तपासणी करतात. विषाणू सापडला नाही तर आजार बरा झाला. विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं शोधणारी अँटिबॉडी चाचणी मात्र पुढेही पॉझिटिव्ह येत राहते. वसतिगृहाच्या किंवा नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत ती आली तर आरएनएचा रिपोर्ट सोबत जोडा, त्याची झेरॉक्स जपून ठेवा.