अकस्मात थबकलेले मूत्रपिंड आणि झिजत गेलेले मूत्रपिंड

नागपुरात नवतपा (मे-अखेरीचा कडक उन्हाचा काळ) सुरू झाला की हा घोळ हमखास ऐकू येतो. उन्हात राबून, जुलाब-उलट्यांनी गळून गेलेल्या माणसाचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम मंदावले की रक्तात वाढणारे टाकाऊ द्रव्य) चारवर गेले की घरचे लोक जन्मभराच्या डायलिसिसची धास्ती घेतात. आणि जुन्या मधुमेह्याचे क्रिएटिनिन चारवर आले, तर तेच लोक ‘ऊन बाधलं, उतरेल’ म्हणून निर्धास्त राहतात.

झिजणारे मूत्रपिंड सर्वांच्या परिचयाचे आहे. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब वर्षानुवर्षे आटोक्याबाहेर राहिला की त्यातील सूक्ष्म गाळण्या कायमच्या निकामी होत जातात.

थबकलेल्या मूत्रपिंडात सुरुवातीला गाळण्या शाबूत असतात, पण त्यांना पुरेसे रक्त मिळत नाही. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा घेऊन मूत्रपिंडे दिवसाला १८० लिटरच्या आसपास द्रव गाळतात. शरीर कोरडे पडून रक्तदाब घसरला की हे काम मंदावते. त्यातही रक्तवाहिन्या रुंद ठेवून पुरवठा टिकवण्याची मूत्रपिंडाची स्वतःची सोय डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मोडून काढतात. त्यामुळे ‘अंग ठणकतंय’ म्हणून चिठ्ठीविना त्या देणे-घेणे मला अक्षम्य वाटते. उपचार वेळेत झाले, तर असे मूत्रपिंड पुष्कळदा सावरते, कधीकधी काही दिवसांच्या डायलिसिसनंतरही.

मग ‘चार’ या आकड्यावरून ओळखायचे कसे? एकट्या आकड्यावरून ओळखता येत नाही, आणि लोक नेमके येथेच फसतात. निर्णायक असतो तो जुना रिपोर्ट: महिन्यापूर्वी क्रिएटिनिन एक असेल, तर घाव ताजा, बिघाड तीन महिन्यांहून अधिक टिकलेला असेल, तर आजार जुनाट. रिपोर्टवर शेजारी छापलेला ‘ईजीएफआर’, म्हणजे मूत्रपिंडे किती वेगाने रक्त गाळतात याचा अंदाज, क्रिएटिनिन स्थिर आहे असे गृहीत धरून काढलेला असतो; ते रोज चढत असताना त्यावरून आजाराचा टप्पा ठरवणे निरर्थक आहे. सोनोग्राफीत आक्रसलेली मूत्रपिंडे दिसली, तर आजार जुना समजावा, मात्र मधुमेहात त्यांचा आकार नेहमीसारखाही राहू शकतो.

झिजलेल्या मूत्रपिंडालाही उन्हाचा ताजा फटका बसतो, आणि तेवढी भर उतरवता येते. परंतु पायांवर सूज आणि लघवी कमी असलेल्या जुन्या रुग्णाला सरसकट ‘भरपूर पाणी प्या’ असे सांगू नये; जास्तीचे पाणी फुप्फुसांत साचून त्याचा श्वास कोंडू शकतो.