मेंदूचे आकारमान

प्राण्याच्या मेंदूचे वजन किंवा घनफळ. प्रौढ माणसाचा मेंदू सरासरी १,३०० ते १,४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के भरतो. माणूस स्वस्थ बसलेला असतानाही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी २० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा हा एकटा अवयव खातो. जिवंत माणसाचा मेंदू एमआरआयवरून मोजतात, मृताचा तराजूत तोलतात. लाखो वर्षांपूर्वीच्या पूर्वजांची मात्र कवटीची पोकळीच काय ती हाती लागते; तिचे माप घन सेंटिमीटरमध्ये (घसेंमी) देतात. भव्य कपाळ हे बुद्धीचे लक्षण मानण्याची सवय आपल्याकडेही जुनीच आहे. मोठा मेंदू म्हणजे जास्त अक्कल, हे समीकरण मात्र कोणत्याही बाजूने तपासले तरी लंगडे निघते.

केवळ वजनच पाहायचे तर पहिला मान स्पर्म व्हेलचा. त्याचा मेंदू ८ किलोच्या आसपास असतो, हत्तीचा साडेचार ते पाच किलो. शरीराशी प्रमाण काढावे तर चिचुंद्रीच्या कुळातले काही इवले प्राणी माणसाच्या पुढे जातात. त्यांचा मेंदू शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका असतो. यावर तोडगा म्हणून हॅरी जेरिसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७३ मध्ये ‘एन्सेफलायझेशन कोशंट’ मांडला. त्या वजनाच्या सस्तन प्राण्याचा मेंदू जेवढा अपेक्षित आहे, त्याच्या किती पट तो प्रत्यक्षात आहे, हे त्यातून कळते. माणसाचा हा अंक ७ च्या वर, काही डॉल्फिनांचा ४ च्या वर आणि चिंपांझीचा २ ते २.५ येतो. (याचेही लघुरूप ‘ईक्यू’च असल्याने भावनिक बुद्ध्यांकाशी त्याची गल्लत होते.) पण याच हिशेबाने दक्षिण अमेरिकेतले कापुचिन माकड गोरिलाच्या वर जाते आणि ते कोणाला फारसे पटत नाही.

खरी अडचण अशी की ग्रॅम हे एकक सगळ्या प्राण्यांत सारखे नाही. गाईचा आणि चिंपांझीचा मेंदू वजनाला जवळजवळ सारखाच, ४०० ग्रॅमच्या आसपास. पण वानरकुळात चेतापेशी दाटीवाटीने बसवलेल्या असतात, गाईच्या मेंदूत त्या विरळ असतात. हे मोजायची एक युक्ती ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हाउझेल यांनी २००५ मध्ये पुढे आणली. मेंदूचा तुकडा डिटर्जंटच्या द्रावणात घोटायचा. पेशींची आवरणे विरघळतात, केंद्रके शाबूत राहतात. मग ते सूप ढवळून एकजीव करायचे, थेंबभर काढून सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रके मोजायची आणि द्रावणाच्या एकूण घनफळाच्या हिशेबाने गुणायचे. या पद्धतीने २००९ मध्ये मानवी मेंदूतील चेतापेशींचा आकडा सुमारे ८,६०० कोटी आला. पाठ्यपुस्तकांत तोवर ‘१०,००० कोटी’ असे ठोकून दिलेले असे. या ८,६०० कोटींपैकी सुमारे १,६०० कोटी पेशी मोठ्या मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे विचार, भाषा, नियोजन यांच्याशी निगडित वरच्या सुरकुतलेल्या थरात आहेत. आफ्रिकी हत्तीच्या मेंदूत एकूण पेशी २५,७०० कोटी, माणसाच्या तिप्पट. पण त्यांतल्या ९८ टक्के लहान मेंदूत निघाल्या आणि बाह्यकाच्या वाट्याला जेमतेम ५६० कोटी आल्या. पक्ष्यांची तऱ्हा आणखी वेगळी. कावळे आणि पोपट यांच्या काही ग्रॅमच्या मेंदूत पेशींची दाटी माकडांपेक्षाही जास्त असते. खिडकीत ठेवलेली पोळी कावळा आधी कोण बघते आहे ते पाहून उचलतो, ते एवढ्याशा ऐवजावर.

उत्क्रांतीच्या लांब पल्ल्यावर मात्र आकारमान बोलते. इथिओपियात १९७४ मध्ये ज्या जातीच्या ‘ल्यूसी’चा सांगाडा सापडला, त्या सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीच्या ऑस्ट्रॅलोपिथेकस या मानवपूर्वजांचा मेंदू ४०० ते ५५० घसेंमी, चिंपांझीपेक्षा किंचित मोठा. नंतरच्या होमो इरेक्टस या मानवजातीत तो वाढत वाढत १,००० च्या आसपास आणि पुढेही गेला. आजच्या माणसात तो साधारण १,३५० आहे. निअँडरथल या नामशेष मानवांचा आपल्याइतका, किंबहुना थोडा जास्तच होता. मध्य प्रदेशात नर्मदेकाठी हथनोरा येथे १९८२ मध्ये अरुण सोनकिया यांना मिळालेल्या कवटीचा अंदाज १,१५५ ते १,४२१ घसेंमी असा दिला गेला आहे. कवटी अर्धवट असली की अंदाज असा ऐसपैस करावा लागतो. ही चढती कमान सरळ नाही. इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर २००३ मध्ये सापडलेल्या बुटक्या मानवाचा मेंदू ४२० घसेंमीच्या आसपास होता, तरी त्याच गुहेत दगडी हत्यारे मिळाली. दक्षिण आफ्रिकेतील होमो नालेदी हा मानव ४६५ ते ६१० घसेंमीच्या मेंदूवर सुमारे अडीच-तीन लाख वर्षांपूर्वीपर्यंत टिकून होता.

मेंदू वाढला कशामुळे, याची उत्तरे अनेक आणि सगळी वादातली. १९९५ मध्ये लेस्ली आयेलो आणि पीटर व्हीलर यांनी मांडले की सकस आहारामुळे आतडे आखूड झाले आणि वाचलेली ऊर्जा मेंदूकडे वळली. रिचर्ड रँगम यांचा भर अन्न शिजवण्यावर, रॉबिन डनबार यांचा मोठ्या टोळीत नातीगोती सांभाळण्यावर. ऊर्जेचा मुद्दा सर्वांत पटण्याजोगा वाटतो, कारण मेंदू पोसणे किती महाग आहे याचा पुरावा एक चिमुकला प्राणी दर वर्षी देतो. युरोपातील सामान्य श्र्यूची, म्हणजे चिचुंद्रीच्याच कुळातल्या प्राण्याची, कवटी आणि मेंदू हिवाळ्यात चक्क आक्रसतात आणि वसंतात पुन्हा काही अंशी वाढतात. माणसाने ही किंमत बाळंतपणातही मोजली आहे. उभे चालण्याजोग्या कटीतून बाळाचे डोके निघायचे तर मेंदूची बरीचशी वाढ जन्मानंतरच व्हावी लागते.

एका माणसाची दुसऱ्याशी तुलना करण्याचा इतिहास फारसा भूषणावह नाही. फिलाडेल्फियाचे सॅम्युअल मॉर्टन एकोणिसाव्या शतकात जगभरच्या कवट्या जमवून त्यांत बारीक बिया भरून मोजत. बिया सैल भरल्या की कमी मावतात, ठासल्या की जास्त; म्हणून पुढे ते शिशाच्या छर्‍यांकडे वळले. त्यांची मापे पक्षपाती होती की नव्हती, यावर १९७८ पासून वाद चालू आहे आणि २०११ च्या फेरमोजणीत ती बरीचशी बरोबर निघाली. पण मापे बरोबर असली म्हणून त्यांवर रचलेली वंशांची उतरंड बरोबर ठरत नाही. पॅरिसमध्ये विद्वानांनी एकमेकांचे मेंदू तोलण्यासाठी मंडळच काढले होते. रशियन कादंबरीकार तुर्गेन्येव यांचा मेंदू २,०१२ ग्रॅम भरला, नोबेल मिळवणारे आनातोल फ्रान्स यांचा १,०१७. आइनस्टाइन यांचा १,२३० ग्रॅम होता, सरासरीहून कमीच.

या प्रकरणात एक मराठी नाव आहे. इरावती कर्वे १९२७ च्या सुमारास बर्लिनला गेल्या, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांनी त्यांना कवट्यांचा विषय दिला. युरोपीयांच्या कवटीची उजवी-डावी बाजू जास्त असमान असते आणि त्यातूनच त्यांची तर्कबुद्धी येते, हे गृहीतक सिद्ध करून दाखवायचे होते. कर्वे यांनी १४९ कवट्या मोजल्या. असमानता सगळीकडे सारखीच आढळली, वंशाशी तिचा काही संबंध दिसला नाही आणि त्यांनी प्रबंधात तसेच लिहिले. फिशर यांच्याच संस्थेत, त्यांच्याच हाताखाली राहून हे लिहिणे सोपे नव्हते.

एमआरआय आल्यावर मोजणी जिवंत माणसांवर होऊ लागली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आठ हजारांहून अधिक लोकांच्या एकत्रित विश्लेषणात मेंदूचे घनफळ आणि बुद्ध्यांक यांचा सहसंबंध ०.२४ आला. तो शून्य नाही. पण बुद्ध्यांकातील फरकांपैकी सहा टक्क्यांच्या आसपासच भाग त्यातून समजावता येतो. पुरुषांचा मेंदू स्त्रियांपेक्षा सरासरी दहा टक्क्यांनी मोठा असतो, सरासरी बुद्ध्यांकात मात्र तसा फरक दिसत नाही. कोणाही एकाच्या डोक्याचे माप घेऊन त्याच्याबद्दल काही सांगणे व्यर्थ आहे.

एका डोक्याला मात्र टेप लावणे अगत्याचे, ते म्हणजे तान्ह्या बाळाचे. न ताणणारी टेप भुवयांच्या वरून आणि मागच्या सर्वांत पुढे आलेल्या भागावरून फिरवून डोक्याचा घेर घेतात. तो जन्मतः ३४-३५ सेंमी आणि वर्षाच्या बाळाचा ४५-४६ सेंमी असतो. या काळात मेंदू झपाट्याने वाढतो आणि त्याला जागा मिळावी म्हणून कवटीची हाडे जुळलेली नसतात. टाळू उडताना दिसते ती याचमुळे. साधारण दीड वर्षापर्यंत ती भरून येते. तेलाने ‘टाळू भरणे’ हा आजीचा नित्यनेम असला तरी हाडे आपल्याच वेळापत्रकाने जुळतात. एका मापापेक्षा त्याच बाळाचा आलेख महत्त्वाचा. घेर भराभर वाढू लागला तर मेंदूत पाणी साठत असल्याची शंका येते. अशा वेळी डोके मोठे असते, मेंदू नव्हे. घेर फारच कमी असला तर सूक्ष्मशीर्षता, जी जनुकीय दोष, गर्भारपणातील मद्यपान किंवा संसर्ग यांमुळे येते. ब्राझीलमध्ये २०१५ मध्ये झिका विषाणूमुळे अशी बाळे मोठ्या संख्येने जन्मली. महाराष्ट्रात झिकाचा पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे आढळला; २०२४ मध्ये पुण्यात साथ आली, तेव्हा गर्भवतींवर विशेष लक्ष ठेवले गेले ते याच धास्तीने.

उतारवयात मेंदू थोडा थोडा आक्रसतोच. मद्य, अनियंत्रित रक्तदाब आणि मधुमेह तो वेग वाढवतात. २०११ च्या एका प्रयोगात वर्षभर नियमित चालणाऱ्या ज्येष्ठांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मृतीशी निगडित भाग, सुमारे २ टक्क्यांनी वाढलेला आढळला. सत्तरीच्या माणसाच्या सीटी स्कॅनच्या अहवालात ‘सेरेब्रल अ‍ॅट्रॉफी’ हे शब्द दिसले की घरचे ‘मेंदू सुकला’ म्हणून हबकतात. डॉक्टर अशा वेळी चित्रापेक्षा जास्त चौकशी दुसऱ्याच गोष्टींची करतात: भाजीवाल्याकडून सुटे पैसे नीट मोजून घेतात का, संध्याकाळी फिरायला गेल्यावर एकटे घरी परततात का.