पंपापाशी कोण उभे राहणार? : डुर्लाखच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाची पार्श्वभूमी

जर्मनीत आग लागली आणि कोणी ११२ हा क्रमांक फिरवला, तर देशाच्या बहुतेक भागांत बंब घेऊन धावून येणारी माणसे पगारी नसतात. कोणी सुतार असतो, कोणी शाळेत शिकवतो, कोणी बँकेत बसतो, आणि सूचना मिळताच हातातले काम टाकून ही माणसे गावातल्या बंबखान्याकडे धाव घेतात. पूर्ण वेळ नेमलेले, पगारी अग्निशमन दल साधारण शंभर मोठ्या शहरांत आहे. उरलेल्या सगळ्या देशाचा भार सुमारे दहा लाख स्वयंसेवकांवर आहे. एवढ्या मोठ्या व्यवस्थेचे मूळ शोधत मागे गेले की, दक्षिण-पश्चिम जर्मनीतील बाडेन प्रांतात, टुर्मबेर्ग नावाच्या टेकडीच्या पायथ्याशी वसलेल्या डुर्लाख या लहानशा गावापाशी आपण येऊन पोचतो.

डुर्लाखला आगीची ओळख फार जुनी आणि फार कडवट होती. सोळाव्या शतकापासून हे बाडेन-डुर्लाखच्या सरदार घराण्याच्या राजधानीचे गाव होते. १६८९ च्या ऑगस्ट महिन्यात फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या सैन्याने ते पेटवून दिले, तेव्हा मोजकी घरे सोडता सारे गाव राख झाले. गाव पुन्हा उभे राहिले, पण जुने वैभव परतले नाही. कारण १७१५ साली कार्ल विल्हेल्म या सरदाराने काही किलोमीटर पश्चिमेला जंगलात कार्ल्सरूए हे नवे शहर वसवायला घेतले आणि दरबार तिकडे हलला. मागे उरले ते कारागीर, द्राक्षमळेवाले आणि छोटे व्यापारी यांचे गाव. १७५८ साली याच राज्यात इमारतींसाठी आगीच्या विम्याची सरकारी व्यवस्था सुरू झाली, म्हणजे घर जळाल्यावर ते पुन्हा बांधायला पैसे मिळण्याची सोय झाली. जळते घर विझवण्याची व्यवस्था मात्र मध्ययुगात होती तशीच राहिली.

ती व्यवस्था कशी होती हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण डुर्लाखने जे बदलले ते नेमके तेच होते. आग विझवणे हे प्रत्येक नागरिकाचे सक्तीचे कर्तव्य होते. चर्चच्या मनोऱ्यावरची घंटा वाजली की घरटी माणसाने बाहेर पडायचे, असा दंडक असे. अनेक जर्मन गावांत नव्याने नागरिकत्व घेणाऱ्याला किंवा लग्न करून घर मांडणाऱ्याला चामड्याची एक बादली पदरची आणावी लागे. जाड कातडे शिवून, आतून डांबर किंवा राळ फासून केलेल्या या बादलीवर घरमालकाचे नाव किंवा खूण रंगवलेली असे, आणि ती दाराजवळ खुंटीला टांगलेली असे. आगीच्या वेळी विहिरीपासून जळत्या घरापर्यंत माणसांच्या दोन रांगा लागत. एका रांगेतून भरलेल्या बादल्या पुढे सरकत, दुसरीतून रिकाम्या मागे येत. गावाचा पंप असलाच, तर तो म्हणजे चाकांवर बसवलेली लाकडी पेटी. तीत बादल्यांनी पाणी ओतायचे आणि वरच्या ताठ तोटीतून ते लांबून छपरावर मारायचे. आग घराच्या आत आणि पाणी घराच्या बाहेर, अशी गत होई. चामड्याचा लवचीक नळ अॅमस्टरडॅमच्या यान व्हान डेर हेडेनने १६७२ सालीच बनवला होता, पण शिवणीतून गळणारा, महागडा आणि सतत तेलपाणी मागणारा तो नळ लहान गावांपर्यंत फारसा पोचला नव्हता.

पण खरी अडचण यंत्राची नव्हती असे माझे मत आहे. सर्वांवर सक्ती असलेले काम कोणाच्याच अंगवळणी पडलेले नव्हते. घंटा ऐकून शेकडो माणसे जमत, त्यांतली निम्मी नुसती बघत, काही सामान बाहेर काढण्याच्या गडबडीत वाट अडवत, आणि हुकूम कोणी द्यायचा यावरून नगरसभेचे अधिकारी, सुतारांचे मुकादम आणि शिपाई यांच्यात बारभाईंचा कारभार चाले. पंप वर्षभर छपराखाली पडून राही, त्याचे दट्टे वाळून आकसत, आणि आगीच्या दिवशीच तो चालत नसल्याचे कळे. मे १८४२ मध्ये हॅम्बुर्गसारख्या श्रीमंत व्यापारी शहरात आग तीन दिवसांहून अधिक काळ धुमसत राहिली, सुमारे सतराशे घरे गेली, पन्नासहून अधिक माणसे दगावली आणि वीस हजार लोक बेघर झाले. आगीला आडवे अंतर पाडण्यासाठी तेथे धडधाकट इमारती सुरुंगाच्या दारूने उडवाव्या लागल्या होत्या. या बातमीने जर्मन भाषक प्रदेशातील नगरसभा हादरल्या आणि आपल्या गावाचे काय, हा प्रश्न ठिकठिकाणी विचारला जाऊ लागला.

डुर्लाखमध्ये तो प्रश्न हाती घेणारा माणूस गावचा बांधकाम अधिकारी होता. ख्रिस्तियान हेंग्स्ट याचा जन्म १८०४ सालचा, डुर्लाखचाच. घरे कशी उभी राहतात हे त्याला ठाऊक असल्यामुळे ती कशी कोसळतात, आग जिन्यातून वर कशी चढते आणि तुळई कोणत्या टप्प्यावर दगा देते, हेही त्याला इतरांपेक्षा अधिक कळत असणार. दुसरा माणूस हायडेलबर्गचा कार्ल मेट्स. त्याने १८४२ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, आगीचे पंप बनवण्याचा कारखाना काढला होता. मेट्स हा कारखानदार होता खरा, पण पंप विकून मोकळे व्हायचे ही त्याची वृत्ती नव्हती. शिकलेली, सरावलेली तुकडी नसेल तर उत्तम पंपही निरुपयोगी आहे, हे तो गावोगाव सांगत फिरला आणि स्वतः उभे राहून लोकांना शिकवत राहिला.

डुर्लाखच्या नगरसभेने मेट्सकडून जो हातपंप घेतला, त्याचे नाव 'शहरपंप क्रमांक २' असे होते. या जातीच्या पंपात दोन नळकांडी शेजारी शेजारी असत आणि एक लांब आडवा दांडा दोन्ही बाजूंनी माणसे आळीपाळीने खाली दाबत. एक दट्ट्या खाली जाताना दुसरा वर येई. दोहोंच्या मध्ये हवेचा बंद डबा असे. पाणी त्यात शिरले की आतली हवा दाबली जाई आणि ती दबलेली हवा पाण्याला सलग, न तुटणाऱ्या धारेने बाहेर लोटी. दांड्यावरच्या माणसांची लय चुकली की धार लगेच तुटक होई. म्हणून पंपावर ताकदीइतकेच तालाला महत्त्व होते, आणि ताल सरावाशिवाय येत नाही. नळ लांब आणि लवचीक असल्यामुळे माणूस तोटी घेऊन घराच्या आत, थेट आगीच्या बुडाशी जाऊ शकत होता. लांबून छपरावर पाणी मारण्याचे दिवस येथे संपले, पण त्याबरोबर धुरात शिरायला तयार असलेली माणसे हवी होती, आणि अशी माणसे सक्तीने मिळत नाहीत.

१८४६ च्या जुलैमध्ये हेंग्स्टने डुर्लाखच्या तरुणांना एकत्र करून 'पोम्पिए-कोर' उभारले. पोम्पिए हा शब्द फ्रेंच, पंपावरून आलेला. नेपोलियनने १८११ साली पॅरिसमध्ये अग्निशमनासाठी लष्करी पलटण उभी केली, तेव्हापासून तो युरोपभर माहीत होता. (आपल्याकडचा 'बंब' हाही पोर्तुगीज 'बोंबा' म्हणजे पंपावरून आलेला, आणि 'बंबवाले' म्हणताना आपणही यंत्राच्याच नावाने माणसांना हाक मारतो.) पॅरिसची पलटण हुकमाने चालणारी होती, डुर्लाखची तुकडी मात्र स्वेच्छेने आलेल्यांची. तिच्यात तालमीचे गडी बरेच होते. त्या काळी जर्मनीत व्यायाम मंडळांची मोठी चळवळ होती, आणि दोरावर चढणे, उंचावर तोल सांभाळणे, हाताच्या बळावर शरीर वर खेचणे ही त्या मंडळांतली रोजची मेहनत आकडीच्या शिडीवर (खिडकीच्या कडेला आकडी अडकवून वर चढायच्या शिडीवर) जशीच्या तशी कामी येत होती. अशा तुकड्यांत कामे आधीच वाटलेली असत : कोणी शिड्यांवर चढणारे, कोणी माणसे व सामान सोडवणारे, कोणी नळ धरणारे, कोणी पंपावरचे. आग लागल्यावर माणसे शोधत बसणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय, हे ओळखून कवायत आगीच्या आधी, शांततेच्या दिवसांत होऊ लागली.

दलाला जेमतेम सात महिने झाले होते तेव्हा त्याची परीक्षा झाली. २८ फेब्रुवारी १८४७, रविवारची संध्याकाळ. कार्ल्सरूएचे राजदरबारी नाट्यगृह प्रेक्षकांनी भरत आले होते. वास्तुशिल्पी फ्रिडरिश वाइनब्रेनरने बांधलेल्या या नाट्यगृहाचा अंतर्भाग बहुतांशी लाकडाचा होता आणि त्यात गॅसचे दिवे लावलेले होते. खेळ सुरू होण्यापूर्वी राजघराण्याच्या सज्जात दिवा पेटवताना पडद्याने पेट घेतला. कापड, रंगवलेले लाकूड आणि उंच पोकळ जागा यांमुळे ज्वाळा क्षणांत वर चढल्या. बाहेर पडण्याच्या काही वाटा बंद होत्या. वरच्या सज्जांत स्वस्त तिकिटांवर बसलेल्या लोकांना अरुंद जिन्यांतून खाली येता आले नाही. साठहून अधिक माणसे त्या संध्याकाळी मेली. खेळ बघायला आलेली ही साधी माणसे कुलूपबंद दारांमागे गुदमरली, हे वाचताना आजही मन सुन्न होते.

राजधानीची स्वतःची आग विझवण्याची व्यवस्था अजून जुन्या वळणाची होती आणि ती त्या गोंधळात कोलमडली. डुर्लाखचे पोम्पिए सरळ रस्त्याने आपला मेट्स पंप घेऊन धावत आले. नाट्यगृह वाचवणे कोणाच्याही हातात उरले नव्हते. पण आग शेजारच्या इमारतींत आणि राजवाड्याच्या परिसरात पसरू न देण्याचे काम या तुकडीने केले, आणि ते लोकांनी डोळ्यांनी पाहिले. ज्या गावाचा दरबार सव्वाशे वर्षांपूर्वी उचलून नेला गेला होता, त्याच गावाची कारागीर पोरे त्या दरबाराचे छप्पर राखायला आली होती.

त्यानंतरची गती थक्क करणारी आहे. काही आठवड्यांतच कार्ल्सरूएने आपले स्वयंसेवी दल उभारले. 'फॉयरवेअर', म्हणजे आगीपासून संरक्षण करणारे दल, हा आज सगळ्या जर्मनीत चालणारा शब्द त्याच वर्षी कार्ल्सरूएच्या वृत्तपत्रातून रूढ होऊ लागला आणि परकीय 'पोम्पिए' हळूहळू मागे पडला. त्याच १८४७ साली उल्म येथे कॉनराड डिट्रिश मागिरुसने दल संघटित केले. त्याने पुढे, १८६४ साली, अग्निशमन साहित्याचा कारखाना काढला आणि १८७२ मध्ये सरकवून उंच करता येणारी चाकांवरची शिडी बाजारात आणली. १८५३ साली प्लोखिंगेन या छोट्या गावी वुर्टेम्बर्गमधील दलांचे प्रतिनिधी त्याच्याच पुढाकाराने एकत्र जमले. जर्मन अग्निशमन दलांचा महासंघ आपली सुरुवात याच बैठकीपासून मोजतो.

ही वाट सरळ मात्र नव्हती. १८४८–४९ मध्ये बाडेन राजसत्तेविरुद्धच्या लोकशाहीवादी क्रांतीच्या ऐन मध्यावर होता. मेट्सने १८४८ साली छापलेल्या पुस्तिकेत अग्निशमन दल हे नागरिकांच्या सशस्त्र रक्षक दलाचाच आवश्यक भाग असल्याचे मांडले होते, आणि दलांत भरलेल्या व्यायाम मंडळांच्या तरुणांपैकी अनेक जण क्रांतीच्या बाजूचे होते. जून १८४९ मध्ये खुद्द डुर्लाखच्या वेशीवर क्रांतिकारक आणि प्रशियाचे सैन्य यांची लढाई झाली. क्रांती चिरडल्यावर, एकत्र जमणारी, गणवेश घालणारी आणि आपला नायक आपणच निवडणारी कोणतीही संघटना सरकारच्या डोळ्यांत खुपू लागली. तरी ही दले तगली, कारण त्यांच्यावाचून गावे उघडी पडली असती. मेट्स १८७७ साली वारला, तोवर स्वयंसेवी दल ही बाडेनमधील गावांची सवय होऊन गेली होती.

पहिले दल कोणाचे, हा वाद अजून मिटलेला नाही. सॅक्सनीतील मायसन शहरात १८४१ सालीच स्वयंसेवी विझवणी व बचाव दल स्थापन झाले होते आणि कालगणनेने मान त्याचाच आहे. तेव्हा डुर्लाखला 'पहिले' म्हणणे बरोबर नाही. पण पंप, ठरलेली कामवाटणी, नियमित कवायत आणि स्वेच्छा या चारही गोष्टी एकत्र बांधून त्या एका भीषण संध्याकाळी सिद्ध करून दाखवण्याचे श्रेय डुर्लाखचे आहे, आणि नंतरच्या दलांनी गिरवला तो हाच कित्ता, असे मला वाटते.

या इतिहासात एक काळे पानही आहे आणि ते टाळून पुढे जाता येत नाही. नाझी राजवटीने दलांची स्वायत्तता मोडून काढली. नोव्हेंबर १९३८ मध्ये देशभर ज्यूंची प्रार्थनास्थळे पेटवली गेली, तेव्हा दलांना आग विझवू न देता केवळ शेजारच्या इमारती जपण्याचे आदेश होते आणि बहुतेकांनी ते पाळले. त्याच महिन्यात नवा कायदा होऊन स्वयंसेवी दले पोलिसांच्या हाताखालची साहाय्यक तुकडी बनली आणि त्यांच्या संघटना बरखास्त झाल्या. युद्ध संपल्यावर ही दले पुन्हा गावांच्या ताब्यात आली.

डुर्लाख १९३८ सालीच कार्ल्सरूए शहरात सामील झाले होते. शहराचे स्वतंत्र पगारी दल आहे, तरी डुर्लाखचे स्वयंसेवी दल त्या शहराच्या स्वयंसेवी दलाचा एक विभाग म्हणून आजही काम करते. मेट्सचा कारखाना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हायडेलबर्गहून कार्ल्सरूएला आला. त्याची मालकी पुढे ऑस्ट्रियाच्या रोझेनबाउअर कंपनीकडे गेली, पण अग्निशमनाच्या उंच फिरत्या शिड्या त्या शहरात अजूनही बनतात. बाडेन-वुर्टेम्बर्गच्या कायद्यानुसार स्वयंसेवी दलाचा नायक आजही दलातले लोकच मतदानाने निवडतात आणि नगरसभा त्या निवडीला संमती देते.