मिडफिल्डर ते प्रशिक्षक

मधल्या फळीत खेळलेला फुटबॉलपटू पुढे संघाचा मुख्य प्रशिक्षक होतो, ती वाटचाल. इंग्लंडमध्ये या पदाला मॅनेजर म्हणतात. आपल्याकडे मात्र, सोलापूरच्या शाळा-कॉलेजांच्या संघांतही, मॅनेजर म्हणजे ओळखपत्रे, जन्मदाखले, रेल्वेची तिकिटे आणि मुलांचे जेवणखाण सांभाळणारा माणूस. संघ निवडतो, सराव घेतो आणि बदली खेळाडू उतरवतो तो कोच. ही नोंद त्या कोचविषयी आहे.

बचावपटूला बहुतेक खेळ समोर दिसतो, तर स्ट्रायकर बऱ्याचदा गोलकडे पाठ करून चेंडूची वाट पाहतो. मिडफिल्डरच्या चारही बाजूंना माणसे असतात. म्हणून चेंडू पायाशी येण्याआधी दोन-तीनदा खांद्यावरून मागे पाहून घ्यायची सवय त्याला लागते. प्रशिक्षकाला लागणारे भांडवल हेच. पेप गार्डिओला बार्सिलोनात बचावफळीपुढे एकट्याने जागा धरून खेळत. २००७ मध्ये त्यांनी क्लबचा ‘ब’ संघ घेतला आणि मुख्य संघासोबतच्या पहिल्याच, २००८-०९ च्या हंगामात तीन मोठी विजेतेपदे मिळवली. दिदिए देशाँ १९९८ मध्ये फ्रान्सचे विश्वविजेते कर्णधार होते आणि २०१८ मध्ये विश्वविजेते प्रशिक्षक. मधल्या फळीतलेच झाबी अलोन्सो यांचा लेव्हरकुसेन संघ २०२३-२४ च्या बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगमध्ये, एकही सामना हरला नाही.

भारतात या वाटेचे सर्वांत ठळक उदाहरण खालिद जमील यांचे. जन्म कुवेतचा, १९७७ मधला. एअर इंडिया, महिंद्रा युनायटेड आणि मुंबई एफसी या मुंबईच्या संघांकडून ते मधल्या फळीत खेळले. दुखापतींनी खेळ लवकर थांबवला आणि २००९ मध्ये ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. तिथे त्यांनी सात वर्षे काढली. पैसा बेताचा, नावाजलेले खेळाडू कमी, तरी संघ आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या अव्वल लीगमध्ये, टिकवायचा, हे खरे शिक्षण तिथेच झाले. पुढे त्यांच्या हाताखाली मिझोरमच्या आयझॉल संघाने २०१६-१७ ची आय-लीग जिंकली. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँग लाजाँगशी १-१ बरोबरी झाली आणि १८ सामन्यांत ३७ गुण झाले. मोहन बागानचे ३६. आधीच्या हंगामात हाच संघ पदावनत झाला होता आणि त्याला पुन्हा प्रवेश देण्यात आला होता, हे लक्षात घेतले की त्या एका गुणाचे मोल कळते. नंतर नॉर्थईस्ट युनायटेड, जमशेदपूर आणि ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय संघ. त्यांचे संघ दोन फळ्यांमधले अंतर कमी ठेवतात, चेंडू हिसकावला की थेट पुढे जातात. देखणा पासिंगचा खेळ हीच मिडफिल्डरची ओळख, असे मानणाऱ्यांनी हे जरूर पाहावे.

मधल्या फळीवरचे प्रेम अंगाशीही येते. १३ जुलै १९९७ च्या फेडरेशन कप उपांत्य सामन्यात अमल दत्ता यांचा मोहन बागान ‘डायमंड’ रचनेत उतरला आणि ईस्ट बंगालकडून १-४ हरला. सॉल्ट लेक स्टेडियममध्ये सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षक होते. या रचनेत चार मिडफिल्डर आत गोळा होतात आणि दोन्ही कडा मोकळ्या पडतात. त्या भरायला फुलबॅकने, म्हणजे कडेच्या बचावपटूने, सतत वर-खाली पळायचे. तो एकदा वर अडकला की त्याच्या पाठीमागची जागा प्रतिस्पर्ध्याची.

सोलापुरातून या वाटेवर निघणाऱ्याला प्रशिक्षक परवान्यांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. डी, सी, बी, ए आणि शेवटी प्रो, असा तो क्रम. महाराष्ट्रातील फुटबॉलचा कारभार वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे आहे. जुनी वाट पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतील पदविकेची. कोणतीही वाट धरली तरी मधल्या काळात हातात संघ हवा, आणि त्यासाठी सुब्रतो कपची, म्हणजे शालेय फुटबॉल स्पर्धेची, तयारी करणारा शाळेचा संघ फार चांगला.

नव्या कोचची पहिली चूक म्हणजे रेषेबाहेरून प्रत्येक पास ओरडून सांगणे. तो अजून मनाने खेळतच असतो. त्यामुळे मुले पाहणे सोडून ऐकू लागतात. दुसरी चूक, सरावात नुसता रोंदो. आठ ते दहा मीटरच्या चौकोनात चौघांनी दोघांना चेंडू मिळू न देणे, हा व्यायाम उत्तम. पण त्यात गोल नाही, दिशा नाही. तासभर तोच घेतला तर सामन्यात संघ चेंडू आडवाच फिरवत बसतो. त्यानंतर ४० × ३० मीटरच्या पट्ट्यात पाचास पाच आणि दोन्ही बाजूंना मदत करणारा एक ‘जोकर’ असा खेळ हवा. दोन्ही टोकांना छोटे गोल ठेवावेत. चार मिनिटांचे चार डाव, मध्ये दोन मिनिटे विश्रांती.

मागे पाहण्याची सवय लावायचा सोपा उपाय असा: चेंडू घेणाऱ्या मुलाच्या मागे दहा मीटरवर एकाने उभे राहून बोटे दाखवायची, आणि चेंडू पायाला लागायच्या आत मुलाने आकडा सांगायचा. चेंडू निघाल्यावर दाखवणाऱ्याने आकडा बदलायचा, नाहीतर मुले एकदाच पाहून मोकळी होतात. आकडा चुकला तर पास मागे. बरोबर आला तरच वळायचे. आठवड्यात तीन दिवस, दहा-दहा मिनिटे पुरतात.

मैदानाचाही विचार लागतो. सोलापूरची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात बुटाला लगद्यासारखी चिकटते. कडक जमिनीवर चेंडू फार उसळतो, म्हणून नियमातल्या ०.६ ते १.१ ॲटमॉस्फिअर दाबापैकी खालच्या बाजूचा, ०.७ च्या आसपास ठेवावा. रेषांना फक्की वापरावी. कळीचा चुना डोळ्यांत गेला तर इजा करतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. त्या दिवसांत सराव सकाळी सहाला सुरू करून साडेसातच्या आत संपवावा, आणि दर पंधरा मिनिटांनी पाणी. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा, म्हणजे जत्रा, होम मैदानावर भरतो. तेव्हा मोकळी जागा आक्रसते, म्हणून त्या पंधरवड्यासाठी लहान चौकोनांचे व्यायाम आधीच आखून ठेवणारा कोच शहाणा.

या शहरातल्या एका संघात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी बोलणारी मुले एकत्र असतात. हंगामाच्या पहिल्याच दिवशी तीन हाका ठरवाव्यात: अंगावर माणूस येत असेल तर ‘मागं’, मोकळीक असेल तर ‘वळ’, एका स्पर्शात परत हवा असेल तर ‘दे’. हाक पास देणाऱ्याने द्यायची, आणि चेंडू वाटेत असतानाच. चेंडू पोचल्यावर दिलेली हाक ऐकेपर्यंत पायातला चेंडू गेलेला असतो.