गोळीने थांबली, म्हणजे ॲसिडिटीच?

"गोळी घेतली, जळजळ थांबली, म्हणजे ॲसिडिटीच होती." घरोघरी चालणारा हा तर्क चुकीचा आहे. ओमेप्राझोल, पँटोप्राझोलसारख्या गोळ्या आम्ल कमी करतात. त्याने जठराच्या कॅन्सरचा व्रणही काही काळ भरत आल्यासारखा दिसू शकतो, दुखणं दबतं. (एंडोस्कोपीआधी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून जठर आतून बघण्याच्या तपासणीआधी, अशी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.)

बहुतेकांची जळजळ साधीच असते, हेही खरं. पण चार घासांत पोट गच्च होणं, विनाकारण वजन उतरणं, डांबरासारखी काळी शी, गिळताना अडकणं, सारख्या उलट्या किंवा हिमोग्लोबिन घसरणं, यातलं एकही असेल तर गोळ्या बदलत बसू नका. आणि "सोनोग्राफी नॉर्मल आलीय" यावर तर मुळीच विसंबू नका. जठराचं आतलं अस्तर तिच्यात नीट दिसत नाही. ते एंडोस्कोपीत दिसतं, शंका आली तर तिथूनच तुकडा घेऊन तपासता येतो.