शिवीची एनसी, 'कट'चा गुन्हा

सकाळी सहाला खडकवासल्याकडे निघणाऱ्या सायकलवाल्यांच्या घोळक्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "मी पोलिसांत तक्रार केली होती, पण पुढं काहीच झालं नाही." जरा खोदून विचारलं की मोबाइलमधून एका कागदाचा फोटो निघतो आणि त्यावर बहुतेक वेळा 'अदखलपात्र' असं छापलेलं असतं. म्हणजे ती एनसी, अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद. तिच्यावर पोलीस आपणहून तपास करत नाहीत, कारण कायद्यानंच त्यांचे हात बांधलेत.

एनसी आणि एफआयआर एकाच टेबलावर, एकाच ठाणे अंमलदारासमोर लिहिले जातात. दोन्हींवर क्रमांक असतो, सही असते, शिक्का असतो. गल्लत होणारच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत एफआयआर कलम 173 खाली येतो आणि एनसी कलम 174 खाली. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस कोर्टाला न विचारता पंचनामा करू शकतात, सीसीटीव्ही मागवू शकतात, चालकाला बोलावू शकतात. अदखलपात्रात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही. म्हणून "कोर्टात दाद मागा" असं हवालदार म्हणाला, तर तो दर वेळी टाळाटाळच करत असतो असं नाही.

प्रश्न असा, की आपल्या बाबतीत जे घडलं ते यांपैकी कशात बसतं?

गेल्या वर्षी एका मोटारीनं मला असा कट मारला की तिचा आरसा माझ्या कोपराला घासून गेला. पुढच्या सिग्नलला मी काच ठोठावली. चालक उतरला, आईवरून शिव्या दिल्या, कॉलर धरून ढकललं. चौकीत मी पहिलं वाक्य काय बोललो असेन? "साहेब, त्यानं मला शिव्या दिल्या, कॉलर धरली." त्यांनी तेच लिहून घेतलं. गुन्हे आणि शिक्षा ठरवणाऱ्या भारतीय न्याय संहितेत शिवीगाळ कलम 352, साधी मारहाण 115(2) आणि धमकी 351(2). तिन्ही अदखलपात्र. कटचा उल्लेख अर्ध्या ओळीत, तोही 'गाडी चालवण्याच्या कारणावरून वाद झाला' असा. चूक माझी होती. अपमान जास्त झोंबतो, म्हणून तोच आधी तोंडातून निघतो.

आणि कायद्याचं माप नेमकं उलटं आहे. बेदरकारपणे गाडी चालवणं, कलम 281 : जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा 1000 रुपये दंड, किंवा दोन्ही. तरीही दखलपात्र. शिवीगाळीला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आणि ती मात्र अदखलपात्र! शिक्षेच्या आकड्यावरून अंदाज बांधायला गेलात तर फसाल. दुसऱ्याचा जीव धोक्यात येईल असं वागणं, कलम 125, हेही दखलपात्र. त्याला ओरखडासुद्धा उठावा लागत नाही. गाडी आडवी घालून तुम्हाला जागचं हलू दिलं नाही, तर कलम 126(2). शिक्षा फार तर महिनाभर, पण दखलपात्र.

नागरिक सुरक्षा संहितेच्या त्या कलम 174 मध्येच पुढं एक उपकलम आहे, ते पाठ करून ठेवावं असं आहे : एका प्रकरणात अनेक गुन्हे असतील आणि त्यांतला एक जरी दखलपात्र असेल, तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं. म्हणजे कट आधी सांगितला, तर शिवी आणि कॉलरही त्याच्याबरोबर एफआयआरमध्ये जातात.

म्हणून जबाब गाडीपासून सुरू करा. नंबर, वेळ, कोणत्या खांबाजवळ, तुम्ही रस्त्याच्या कोणत्या कडेला होतात, गाडी किती जवळून गेली, तुम्ही पडलात की तोल सावरलात. शिव्या त्यानंतर. कॅमेरा असेल तर मूळ फाइल काटछाट न करता जपा. ग्रुपवर टाकलेली क्लिप पुरत नाही. लागलं असेल तर चौकीतून मेडिकल यादी, म्हणजे सरकारी दवाखान्यात तपासणीसाठी पोलिसांचं पत्र, मागून घ्या.

"ही आमची हद्द नाही" हे उत्तरही सिंहगडाच्या वाटेवर मिळू शकतं, कारण तिथं शहर पोलिसांची हद्द संपून ग्रामीणची सुरू होते. कलम 173 नुसार हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावीच लागते. ऑनलाइन दिली, तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये ललिता कुमारी खटल्यात एफआयआर नोंदवणं बंधनकारक असल्याचं सांगितलंय. तरी नकार मिळाला, तर तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे, आणि तिथंही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे.

वाहतूक शाखेचं चलन ही तिसरीच गोष्ट. दंड सरकारजमा होतो, तुमचा जबाब कुणी घेत नाही.

एनसी अगदीच रद्दी नव्हे. तोच माणूस रोज त्याच रस्त्यावर त्रास देत असेल, तर जुन्या नोंदींच्या आधारे पोलीस त्याच्यावर चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याची हमी लिहून घेण्याची प्रतिबंधक कारवाई, करू शकतात. पण गाडीनं जखमी झालात आणि नुकसानभरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायचं असेल, तर तिथं एफआयआर आणि पंचनामा वजनदार ठरतात.

एफआयआरची प्रत मोफत मिळते. सही करण्याआधी वर कोणतं कलम लिहिलंय ते बघा, 173 की 174. मी माझा कागद घडी घालून जर्सीच्या मागच्या खिशात टाकला होता आणि घरी आल्यावर वाचला.